हितं बघाय काय हाय?

लॉकडाउनच्या पहिल्या महिन्यात आपल्या सगळ्यांच्या फोनवर निसर्ग ‘परत’ आला होता. व्हेनिसच्या कालव्यात डॉल्फिन, जालंधरच्या गच्च्यांवरून हिमालय, नवी मुंबईच्या खाडीत रोहित पक्ष्यांची गुलाबी चादर. यातले डॉल्फिन व्हेनिसचे नव्हतेच. तो व्हिडिओ सार्डिनिया बेटावरचा निघाला. हिमालय मात्र खरा होता. हवा निवळली आणि तो दिसला. आणि रोहित? तेही खरेच, पण ते काही कुठून परत आलेले नव्हते. ठाण्याच्या खाडीत ते दर वर्षी हजारोंनी उतरतात. त्या एप्रिलमध्ये त्यांची संख्या वाढल्याचं अभ्यासकांनी सांगितलं, ते असो. नवी गोष्ट ही होती की खिडकीत उभं राहून त्यांच्याकडे बघायला माणसांना वेळ होता.

मला या तिसऱ्या चित्राबद्दल बोलायचंय. महासाथीमुळे राष्ट्रीय उद्यानांत आणि अभयारण्यांत जाणाऱ्यांची संख्या कशी घटली, कशी वाढली, याचे आकडे भरपूर आले. पण तिथं जाणारा माणूस काय बघायला गेला आणि ते बघायची नजर त्याला कुठून मिळाली, हा प्रश्न आकड्यांत मावत नाही. तो वाचनाचा, म्हणजे समीक्षेचा प्रश्न आहे.

मी सोलापूरचा. शहरातून बार्शी रस्त्यानं वीस-बावीस किलोमीटर गेलं की नान्नजचं माळढोक अभयारण्य लागतं. २०२० मध्ये पुण्याहून लॅपटॉप घेऊन घरी परतलेल्या माझ्यासारख्या कितीतरी पोरांनी त्या वर्षी पहिल्यांदाच तिकडे गाडी वळवली. लहानपणापासून नाव ऐकलेलं, पाटी पाहिलेली, पण आत कधी न गेलेलं ठिकाण. माझं म्हणणं असं आहे की आम्ही जवळच्या माळावर गेलो खरे, पण डोळे ताडोबाचे घेऊन गेलो. आणि ते डोळे आम्हाला फक्त इन्स्टाग्रामनं दिलेले नव्हते. बऱ्याच अंशी ते चांगल्या मराठी पुस्तकांनी दिलेले होते.

आधी कुलूप, मग रांग

५ एप्रिल २०२० ला न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातल्या नादिया नावाच्या वाघिणीला कोविड झाल्याचं जाहीर झालं. दुसऱ्याच दिवशी आपल्या केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचं राज्यांना पत्र गेलं: राष्ट्रीय उद्यानं, अभयारण्यं, व्याघ्र प्रकल्प यांत माणसांची ये-जा कमी करा. बहुतेक फाटकं मार्चमध्येच बंद झाली होती. ताडोबाचा बफर त्या पावसाळ्यात उघडला, कोअर ऑक्टोबरात. एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत पुन्हा कुलूप. परदेशी पर्यटकांचे व्हिसा मार्च २०२० मध्ये थांबले, ते सुरू व्हायला २०२१ चा ऑक्टोबर-नोव्हेंबर उजाडला. दीड वर्षाहून जास्त काळ आपल्या जंगलांत जे कुणी गेले, ते आपलेच लोक होते. नागपूर, पुणे, मुंबई, हैदराबादहून स्वतःची गाडी काढून आलेले.

अमेरिकेत ही सगळी मोजदाद वर्षानुवर्षं होते, म्हणून तिथला आलेख जास्त स्वच्छ दिसतो. तिथल्या राष्ट्रीय उद्यान व्यवस्थेत २०१९ मध्ये सुमारे ३२.७ कोटी भेटी नोंदल्या गेल्या. २०२० मध्ये त्या २३.७ कोटींवर आल्या आणि २०२१ मध्ये पुन्हा २९.७ कोटींवर गेल्या. एकूण आकडा जुन्या पातळीला पोचला नव्हता, तरी यलोस्टोननं त्याच वर्षी ४८.६ लाख भेटींचा विक्रम केला. व्यवस्थेत चारशेहून जास्त जागा, पण निम्म्याहून अधिक भेटी अवघ्या २५ ठिकाणी. २०२२ पासून युटामधल्या आर्चेस उद्यानात आत शिरायला आधी वेळ आरक्षित करावी लागू लागली. जंगलात जायला स्लॉट. आपल्याला त्यात नवल वाटायचं कारण नाही; आपण तेव्हा लशीसाठी तेच करत होतो.

इथं एक गंमत आहे. विमानं बंद, परदेश बंद, त्यामुळे माणसं जवळच्या निसर्गाकडे वळली असं आपण म्हणतो. अंशतः खरं आहे. पण वळलेली माणसं पसरली नाहीत, साचली. आधीपासून प्रसिद्ध असलेल्या जागाच जास्त तुंबल्या. अंतर बदललं, यादी तीच राहिली.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. फाटक बंद झाल्यावर जिप्सीचे ड्रायव्हर, गाइड, होम-स्टे चालवणारी गावातली घरं यांचं उत्पन्न एका दिवसात थांबलं. केनियात मसाई माराच्या भोवती ज्या कुटुंबांनी जमिनी वन्यजीवांसाठी भाड्यानं दिल्या आहेत, त्यांचं भाडं पर्यटकांच्या पैशातून येतं, तेही आटलं. महासाथीनं जगभर एकच हिशोब उघडा पाडला: जंगल टिकवायचा खर्च बघायला येणाऱ्याच्या खिशातून येतो. मग ज्या जागेकडे कुणी बघायलाच येत नाही, तिचं काय?

नुसतं गवतच हाय

नान्नज ही तशी जागा. अभयारण्य झालं १९७९ मध्ये. कागदावरचं क्षेत्र तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात गावं, शेतं, रस्ते, सगळं आलं. वनखात्याच्या ताब्यातले खरे गवताळ तुकडे त्यामानानं अगदी थोडे आणि विखुरलेले. पुढे बऱ्याच वर्षांनी हे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. मधल्या काळात झालं काय, तर माळढोक म्हटलं की आमच्याकडच्या जुन्या माणसांना पक्षी आठवत नाही, अडलेला जमिनीचा व्यवहार आठवतो. अभयारण्य ही बघायची जागा आहे हे त्यांच्या डोक्यात कधी शिरलंच नाही. ती सातबाऱ्यावर बसलेली अडचण होती.

२०२० च्या पावसाळ्यानंतर मी सुट्टीच्या दिवशी तिकडे जायला लागलो. हिरवं गवत पिवळं पडत जातं तो काळ. काळविटांचे कळप दिसत, हिवाळा लागला की भोवत्या पक्षी गवताच्या टोकाटोकावरून तरंगत जात, नशीब असेल तर एखादा लांडगा. एकदा शहरातून एक कुटुंब आलेलं होतं. सात-आठ जण, मोठी गाडी, डबे, बॅडमिंटनच्या रॅकेटी. अर्धा तास इकडेतिकडे बघून त्यातल्या थोरल्यानं विचारलं, “हितं बघाय काय हाय की ओ?” मी काही बोलायच्या आत त्याच्या पुतण्यानंच उत्तर दिलं, “काय नाय काका, नुसतं गवतच हाय.”

हसण्यावारी नेण्यासारखं हे वाक्य नाही. सरकारचंही मत फार वेगळं नाही. देशाचा ‘वेस्टलँड अ‍ॅटलास’ निघतो, त्यात झुडपी आणि उघडे माळ पडीक जमिनीच्या वर्गांत जाऊन बसतात. २०१९ मध्ये राज्यात ३३ कोटी झाडं लावायची मोहीम झाली, तेव्हाही मोकळी जागा म्हणजे झाड नसलेली जागा, एवढाच अर्थ होता. आमच्याकडच्या माळांवर गिरिपुष्पाची लागवड दिसते. हेतू चांगला. पण माळढोकाला, काळविटाला लांबवर नजर पोचेल अशी उघडी जमीन लागते. माळावर झाडांची दाटी करणं म्हणजे तळ्यात माती टाकून बाग फुलवणं.

आणि माळढोक? जगात दीडशेच्या आसपास किंवा त्याहून कमी उरलेत, त्यातले बहुतेक राजस्थानात जैसलमेरकडे. एप्रिल २०२१ मध्ये, दुसरी लाट पेटलेली असताना, सर्वोच्च न्यायालयानं त्यांच्यासाठी विजेच्या तारा जमिनीखालून न्यायचा आदेश दिला. तो राजस्थान-गुजरातबद्दल होता, आणि मार्च २०२४ मध्ये तोही सैल झाला. नान्नजमधून गेली काही वर्षं बातमी येते ती एकट्यादुकट्या पक्ष्याची. ज्याच्या नावानं अभयारण्य, तोच जवळजवळ नाही. तेव्हा “बघायला काय आहे” हा प्रश्न काकांचा एकट्याचा नाही.

पुस्तकांतलं जंगल, पुस्तकांतला माळ

आता पुस्तकांकडे येतो. मराठीत जंगलाचं वाचन ज्यांनी घराघरांत नेलं ते मारुती चितमपल्ली मूळचे सोलापूरचे. ५ नोव्हेंबर १९३२ ला इथंच जन्म, घरची भाषा तेलुगू. वनखात्यात आयुष्य काढलं, २००६ मध्ये सोलापुरात भरलेल्या ७९व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जूनला सोलापुरातच गेले. त्यांनी मराठीला शब्द दिले. बगळ्यांच्या विणीच्या वसाहतीला सारंगागार, कावळ्यांच्या वसाहतीला काकागार, पक्ष्यांच्या रात्रीच्या मुक्कामाला रातनिवारा. शब्द मिळाला की माणूस थांबून बघतो. नाव नसलेली गोष्ट डोळ्यांसमोरून निसटते.

‘चकवाचांदण’ या त्यांच्या आत्मचरित्रात सोलापूरचं बालपण आहे, आईकडून आणि मामाकडून मिळालेली झाडा-पाखरांची ओळख आहे. पण वाचकांच्या मनात घर करून बसलं ते नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट. यात लेखकाचा दोष नाही. नोकरीची वर्षं तिथं गेली, तर लिखाण तिथलंच असणार. परिणाम मात्र असा झाला की सोलापूरच्या वाचकाला सोलापूरच्याच लेखकानं शिकवलं की जंगल विदर्भात असतं. तिथं जायला रात्रीची गाडी पकडावी लागते.

व्यंकटेश माडगूळकरांच्या बाबतीत हे आणखी ठळक आहे. त्यांची दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचा. १९५५ ची ‘बनगरवाडी’ आणि १९७९ च्या आसपासचं ‘नागझिरा’. पहिलं माळाचं पुस्तक आहे. माणदेश, धनगर, मेंढरं, शाळेचा मास्तर, आणि शेवटी दुष्काळानं ओस पडणारी वस्ती. दुसऱ्यात लेखक मुद्दाम अभयारण्यात जाऊन राहतो, चालतो, बसतो, बघतो. एकाच लेखकाचे दोन प्रदेश आहेत आणि दोन्हींकडे बघायची पद्धत वेगळी आहे. जंगल हे जाऊन राहायचं, बघायचं ठिकाण. माळ हे जगायचं आणि सोसायचं ठिकाण. बनगरवाडीच्या माळावर पाहुणा म्हणून कुणी येत नाही. मास्तर येतो तोही नोकरीला.

ही विभागणी एकट्या माडगूळकरांची नाही. आपल्या ग्रामीण साहित्यात माळ येतो तो बहुतेक वेळा उपाशी असतो. तो रखरखीत, ओसाड, उजाड, विशेषणं ठरलेली. दुष्काळ खरा होता, म्हणून विशेषणंही खरी होती. पण पिढ्यानपिढ्या माळाला ओसाड म्हणत गेल्यावर तिथं काही राहतं, विणतं, शिकार करतं, ही शक्यताच भाषेतून पुसट होत गेली. माळढोक आणि माळटिटवी यांच्या नावातच माळ आहे, तरी आपण म्हणतो नुसतं गवत. अ‍ॅटलासमधल्या ‘पडीक’ला इंग्रजी नोकरशाही जबाबदार असेल, आपल्या ‘ओसाड’ची जबाबदारी आपल्यावर येते.

म्हणून लॉकडाउननंतर माणसं माळावर आली तेव्हा त्यांच्याकडे दोनच साचे होते. एक, सफारीचा: वाघासारखं काहीतरी दिसलं पाहिजे. दोन, मोकळ्या मैदानाचा: तिथं काही नाही, मग गाडी कुठूनही घाला, क्रिकेट खेळा, ड्रोन उडवा. दुसरा साचा जास्त घातक. वाघांच्या जंगलातली सफारी पावसाळ्यात बंद असते हे आपल्याला पाठ झालंय. पण माळ पावसाळ्यात हिरवा होतो, फोटो छान येतात, आणि नेमका तोच जमिनीवर घरटं करणाऱ्या पाखरांच्या विणीचा काळ. माळढोकाची मादी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. लावे, चंडोल यांचंही बिऱ्हाड गवताच्या बुडाशीच. तिथं चाकाखाली काय गेलं हे ड्रायव्हरला कळतही नाही.

किती आले, आणि किती थांबले

मी ज्या धंद्यात आहे तिथं कुठलंही अ‍ॅप मोजताना दोन आकडे बघतात. किती लोक आले, आणि आलेले किती वेळ थांबले. पहिला आकडा फुगवणं सोपं असतं. एक सेलची जाहिरात टाका, झालं. दुसरा आकडा खरं बोलतो. उद्यानांच्या अहवालांत बातमी होते ती पहिल्याची: भेटी, गाड्या, तिकिटं, महसूल. महासाथीचा सगळा ‘घट आणि उसळी’चा आलेख याच आकड्याचा आहे.

चितमपल्ली आणि माडगूळकर दोघेही दुसऱ्या आकड्याचे लेखक आहेत. त्यांच्या पुस्तकांत घडतं कमी, थांबणं जास्त. पाणवठ्याशी बसून राहणं, तीच वाट रोज चालणं, नवेगावच्या माधवराव पाटलांसारख्या जाणत्या माणसाचं ऐकत राहणं. या वेळेची किंमत मोजणारं कुणीतरी होतं हेही खरं: चितमपल्लींच्या बाबतीत सरकारी नोकरी. आपल्याला ती चैन नाही. ताडोबात जिप्सीची एक फेरी असते काही तासांची. वाघ दिसला तर आनंद, नाही दिसला तर पैसे बुडाल्याची हळहळ. म्हणजे आपण पुस्तकातून जंगलाचा पत्ता घेतला, पण तिथं थांबायची रीत घेतली नाही.

महासाथीनं एक विचित्र अदलाबदल केली. वेळ होता तेव्हा फाटकं बंद होती. फाटकं उघडली तेव्हा वेळ संपत आला होता. कंपन्यांची ‘ऑफिसला या’ची मेल सुरू झाली. मधल्या चिंचोळ्या काळात, साधारण दीड-दोन वर्षं, घरून काम करणाऱ्या आमच्यासारख्यांना दोन्ही मिळालं. जवळची जागा आणि मोकळी सकाळ. त्या काळात आमच्या मित्रांच्या गटात काही जण आठवड्यामागून आठवडे एकाच माळावर गेले. पहिल्या चार फेऱ्यांत कंटाळले. पाचव्या-सहाव्या फेरीला गवत वेगवेगळं दिसायला लागलं. कुसळी वेगळं, पवन्या वेगळं. मग कुठल्या गवतात कोण दिसतं हे कळायला लागलं. माळ पहिल्या भेटीत काहीच सांगत नाही. तो वारंवार येणाऱ्याचा प्रदेश आहे, आणि म्हणूनच तो दूरच्या पर्यटकापेक्षा जवळच्या माणसाचा आहे. ताडोबा वर्षातून एकदा परवडतं. नान्नजला पेट्रोल सोडलं तर फार काही लागत नाही.

या ‘जवळच्या माणसा’त अजून एक जण येतो, ज्याला कुठलाच तक्ता पर्यटक म्हणून मोजत नाही. मेंढपाळ. बनगरवाडीतल्या धनगरांचे वारस आजही याच माळांवर मेंढरं घेऊन फिरतात. लांडगा कुठं आहे हे त्यांना आमच्या दुर्बिणीच्या आधी कळतं, आणि लांडग्यानं कोकरू नेलं तर तोटा त्यांचा होतो. अभयारण्याच्या तुकड्यात आम्हाला रीतसर प्रवेश आहे, त्यांच्या मेंढरांना नाही. याला वनखात्याची कारणं आहेत, ती सगळीच चुकीची नाहीत. पण नवीन पाहुण्याचं स्वागत करताना जुन्या रहिवाशाला कुंपणाबाहेर ठेवणारी व्यवस्था फार दिवस निर्धोक चालत नाही. ८,४९६ चौरस किलोमीटरच्या कागदानं आमच्याकडे तोच धडा दिलाय.

वाघ आला आणि जंगल मिळालं

बदल होत नाहीत असं नाही. २०२४ मध्ये पुणे वनविभागानं इंदापूर-बारामतीकडच्या माळांवर गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली. माळाला पहिल्यांदा तिकीट लागलं, म्हणजे बघण्यालायक असल्याचा शिक्का मिळाला. स्थानिक पोरांना गाइड म्हणून काम मिळतं, हे चांगलंच. भिगवणला उजनीच्या पाण्यावर हे आधीच झालंय. मासे पकडणारी माणसं हिवाळ्यात नाव वल्हवत रोहित दाखवतात आणि पक्ष्यांची नावं आपल्यापेक्षा भराभर सांगतात. माझी शंका ‘सफारी’ या शब्दाबद्दल आहे. शब्द आला की त्याच्यामागून अपेक्षा येते. गाडी, वेग, आणि शेवटी एक मोठा प्राणी.

त्याच वर्षाच्या अखेरीला यवतमाळच्या टिपेश्वरहून एक वाघ शेकडो किलोमीटर चालत येडशीच्या रामलिंग अभयारण्यात पोचला आणि बार्शी तालुक्यातही फिरू लागला. आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एका रात्रीत सगळे जंगलतज्ज्ञ झाले. ज्या टेकड्यांना आणि माळांना कुणी वळून बघत नव्हतं, ते अचानक ‘जंगल’ झाले. वाघ इथवर आला तो याच शेतांतून, माळांतून, ओढ्यांच्या काठानं. त्याला वाटेत कुठंही ओसाड पडीक लागलं नसावं. तो विदर्भातून येईपर्यंत आम्हाला आमची जमीन दिसली नाही, हे मला त्या सगळ्या बातम्यांतलं सगळ्यात बोचणारं वाटलं.

माळावर राहणाऱ्या, थांबणाऱ्या, पुन्हा पुन्हा जाणाऱ्या नजरेचं मराठी पुस्तक आपल्याला हवंय. दुष्काळाचं आपल्याकडे आहे, उत्तम आहे. जंगलाचंही आहे. मधली जागा मोकळी आहे. ती लिहायला वनाधिकारी असायची गरज नाही. मार्डीचा, वडाळ्याचा एखादा पोरगा, ज्याच्या घरची मेंढरं आहेत आणि हातात फोन आहे, तो लिहू शकेल. भोवत्या पक्षी आपल्या रातनिवाऱ्याला संध्याकाळी गवतात कुठं उतरतात हे त्याला माहीत असतं. शब्द चितमपल्लींनी देऊन ठेवलाय.

तोपर्यंत, तुम्ही सोलापूर, पंढरपूर, बार्शी, करमाळा कुठलेही असाल, तर घरापासून तासाभरात पोचता येईल असा एक माळ निवडा. पावसाळा सोडून जा, गाडी रस्त्यावर ठेवा, चालत जा. पहिल्या वेळी नुसतं गवतच दिसेल. पाच वेळा जा. नान्नजला माळढोक दिसेलच असं कुणी सांगू शकत नाही. पण तिथलं गवत विकायला, खणायला किंवा झाडं लावून बुजवायला कुणी आलं, तर “तिथं आहेच काय” या प्रश्नाला उत्तर देणारी चार माणसं तरी जवळपास असली पाहिजेत.